मनोरंजन उद्यानातील एक दिवस : अल्प खर्चात पुरेसे पाणी

उन्हाळी सुट्टीत मनोरंजन उद्यानाला, अर्थात थीम पार्कला, भेट देणारी कुटुंबे प्रवास आणि प्रवेशशुल्क यांचा हिशोब घरीच करतात. पाण्याचा हिशोब मात्र बहुधा प्रवेशद्वार ओलांडल्यानंतर सुरू होतो. आतील दुकानातील दर पाहून पाणी घेणे पुढे ढकलले जाते. रांग सोडावी लागू नये म्हणून तहान दडपली जाते. मुले थंड पेयाचा हट्ट धरतात आणि पालक तो पुरवतात. परिणामी खर्चही होतो आणि शरीराची पाण्याची गरजही पूर्ण होत नाही. थोडी पूर्वतयारी केली आणि ग्राहकाचे हक्क ठाऊक असले, तर अत्यल्प खर्चात संपूर्ण कुटुंबाला दिवसभर पुरेसे पाणी मिळू शकते.

पार्श्वभूमी

दिल्लीच्या प्रगती मैदानावर १९८४ साली ‘अप्पू घर’ सुरू झाले. २००८ साली ते बंद होईपर्यंत राजधानीतील मुलांच्या दोन पिढ्यांनी तेथे सुट्ट्या घालविल्या. मुंबईजवळ गोराई येथे १९८९ साली एस्सेलवर्ल्ड, कोलकात्यात १९९१ साली निक्को पार्क आणि हैदराबादजवळ १९९६ साली रामोजी फिल्म सिटी सुरू झाली. कोची, बंगळुरू आणि हैदराबाद येथे वंडरलाची उद्याने उभी राहिली. २०२४ साली भुवनेश्वर आणि २०२५ साली चेन्नई या शहरांची त्यांत भर पडली. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका सुरू झाले.

या उद्यानांचे हवामान एकसारखे नाही. हैदराबाद किंवा दिल्ली येथील मे महिन्यातील हवा कोरडी असते. घाम येताच वाळतो आणि किती पाणी गेले याची कल्पना येत नाही. मुंबई, कोची, चेन्नई किंवा भुवनेश्वर येथील हवा दमट असते. तेथे घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि घाम अधिकाधिक येत राहतो. या फरकामुळेच भारतीय हवामान विभाग उष्णतेच्या लाटेचा विचार करताना मैदानी प्रदेशासाठी ४० अंश सेल्सिअस, तर किनारपट्टीसाठी ३७ अंश सेल्सिअस ही किमान मर्यादा धरतो.

मोकळ्या जागेत, गर्दीत आणि उन्हात काही तास थांबण्याचे परिणाम किती गंभीर होऊ शकतात, हे अलीकडच्या दोन घटनांनी दाखवून दिले आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्कार वितरण समारंभानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर हवाई दलाच्या प्रात्यक्षिकांसाठी लोटलेल्या गर्दीतील पाच जण दगावले. दुसरी घटना ऑक्टोबरमधील आहे, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. धोका केवळ एप्रिल-मेपुरता मर्यादित नसतो. मनोरंजन उद्यानात सावली, पंखे आणि पाणी या सोयी असतात. तथापि, तेथेही माणूस सात-आठ तास चालतो, रांगेत उभा राहतो आणि उत्साहाच्या भरात शरीराच्या सूचनांकडे दुर्लक्ष करतो.

शरीराची गरज

प्रौढ व्यक्तीच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पाण्याचा असतो. वजनाच्या दोन टक्के इतके पाणी कमी झाले तरी थकवा, डोकेदुखी आणि चिडचिड जाणवू लागते. ५० किलो वजनाच्या व्यक्तीच्या बाबतीत ही घट अवघी एक लीटर होते. उन्हात भराभर चालणाऱ्या माणसाच्या शरीरातून एका तासात अर्धा लीटर ते एक लीटर घाम सहज जाऊ शकतो. घामाबरोबर मीठ, म्हणजे सोडियम, बाहेर पडते आणि काही प्रमाणात पोटॅशियमही जाते.

तहान ही उशिरा मिळणारी सूचना आहे. वृद्धांमध्ये तहानेची जाणीव मंदावते. लहान मुले खेळात गुंग असल्याने तिच्याकडे लक्ष देत नाहीत. जलक्रीडा उद्यानात आणखी एक फसगत होते. अंग सतत ओले असल्याने घाम आल्याचे कळत नाही आणि पाण्यात असल्याने तहान लागणार नाही असा समज होतो. प्रत्यक्षात पाण्यात खेळतानाही शरीर घाम गाळत असते.

लघवीचा रंग ही सर्वांत सोपी चाचणी होय. फिकट पिवळा रंग असल्यास पाणी पुरेसे आहे असे समजावे. रंग गडद असल्यास किंवा चार-पाच तासांत लघवीला जावे लागले नसल्यास पाणी कमी पडत आहे असे समजावे. स्वच्छतागृहांच्या अस्वच्छतेच्या धास्तीने अनेक स्त्रिया व मुली अशा ठिकाणी मुद्दाम पाणी कमी पितात. ही सवय घातक असून तिच्यामुळे मूत्रमार्गाच्या संसर्गाची शक्यताही वाढते. उद्यानात पोहोचताच पाण्याच्या जागांबरोबर स्वच्छतागृहांच्या जागाही पाहून ठेवणे यासाठीच उपयुक्त ठरते.

किती आणि केव्हा प्यावे

उन्हात कष्टाचे काम करणाऱ्या कामगारांनी दर १५ ते २० मिनिटांनी सुमारे एक पेला, म्हणजे २४० मिलिलीटर, पाणी प्यावे आणि एका तासात सुमारे १.४ लीटरपेक्षा अधिक पिऊ नये, असा अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेचा सल्ला आहे. उद्यानात फिरणाऱ्यांचे श्रम इतके नसतात. दर अर्ध्या तासाला एक पेला हे प्रमाण बहुतेक निरोगी प्रौढांना पुरेसे ठरते. ऊन तीव्र असल्यास ते वाढवावे. मुलांना वयानुसार याच्या निम्मे किंवा थोडे अधिक द्यावे.

एकाच वेळी पोटभर पाणी पिण्यापेक्षा थोडे थोडे पीत राहणे हितावह असते. भरपेट पाणी पिऊन गरगर फिरणाऱ्या पाळण्यात बसल्यास मळमळ होते. उलटी झाल्यास प्यालेले पाणी तर जातेच, शिवाय शरीरातील क्षारही जातात. घाम खूप येत असताना केवळ साधे पाणी अतिप्रमाणात पिणेही योग्य नाही. त्यामुळे रक्तातील सोडियमचे प्रमाण घटून डोकेदुखी, गोंधळल्यासारखी अवस्था आणि क्वचित गंभीर परिणाम संभवतात. पाण्याबरोबर मीठ असलेले काही खाणे आवश्यक असते ते याच कारणासाठी.

पाणी पिण्यास प्रारंभ घरापासूनच करावा. सकाळी निघण्यापूर्वी दोन पेले पाणी आणि व्यवस्थित न्याहारी घेतल्यास पहिल्या दोन तासांची चिंता मिटते. उपाशीपोटी उन्हात फिरणे टाळावे.

काय प्यावे, काय टाळावे

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने उष्णतेच्या लाटेसंबंधी दिलेल्या सूचनांमध्ये तहान नसतानाही पाणी पिण्याचा सल्ला दिला आहे. ओआरएस, लस्सी, तोराणी म्हणजे भाताची पेज, लिंबूपाणी आणि ताक ही पेये प्राधिकरणाने सुचविली आहेत. चहा, कॉफी, मद्य आणि फसफसणारी शीतपेये टाळण्यासही सांगितले आहे.

देशाच्या प्रत्येक भागात उन्हाळ्याचे आपले असे पेय आहे. महाराष्ट्र व गोव्यात कोकम सरबत आणि पन्हे, बिहारमध्ये सत्तूचे सरबत, बंगालमध्ये भाजलेल्या कैरीचे सरबत, ओडिशात तोराणी, तामिळनाडूत नीर मोर आणि केरळमध्ये संभारम ही पेये पिढ्यान्‌पिढ्या घेतली जातात. यांपैकी नीर मोर आणि संभारम ही आपल्या मठ्ठ्याचीच भावंडे आहेत. मीठ, आंबटपणा आणि भरपूर पाणी हे या बहुतेक पेयांचे समान सूत्र आहे. परप्रांतातील उद्यानाला भेट देणाऱ्या मराठी कुटुंबांना तेथील ताक किंवा सरबत बहुधा बाटलीबंद शीतपेयापेक्षा स्वस्त पडते.

कोलासारख्या शीतपेयात दर १०० मिलिलीटरमध्ये सुमारे १० ग्रॅम साखर असते. ३०० मिलिलीटरच्या एका बाटलीत जवळजवळ सहा ते सात लहान चमचे साखर पोटात जाते. मीठ नगण्य असल्याने घामाची भरपाई होत नाही आणि गोडीमुळे थोड्याच वेळात पुन्हा तहान लागते. मुलांना असे पेय घ्यावयाचे असल्यास ते पाण्याऐवजी नव्हे, तर पाणी प्यायल्यानंतर द्यावे. शहाळे उत्तम, मात्र उद्यानाच्या आवारात त्याचा दर बाहेरच्यापेक्षा बराच अधिक असू शकतो.

बर्फाविषयीही सावध राहावे. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फाला निळा रंग देण्याचा नियम २०१८ साली लागू करण्यात आला. निळसर बर्फ पेयात घातलेला आढळल्यास ते पेय घेऊ नये.

ओआरएस : स्वस्त आणि शास्त्रशुद्ध

ओआरएसचा इतिहास भारताशी निगडित आहे. १९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे द्रावण अपुरे पडू लागल्यावर डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ आणि ग्लुकोज यांचे द्रावण रुग्णांना तोंडाने पाजण्यास प्रारंभ केला आणि मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. ग्लुकोजच्या सोबतीने आतड्यातून सोडियम आणि त्यामागोमाग पाणी वेगाने शोषले जाते, हे या द्रावणामागील तत्त्व आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली स्वीकारलेल्या सूत्रानुसार एक लीटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. औषधाच्या दुकानात अशी पुडी साधारणपणे वीस-पंचवीस रुपयांच्या आसपास मिळते. पुडी जितक्या पाण्यासाठी आहे तितक्याच पाण्यात संपूर्ण विरघळवावी आणि तयार द्रावण २४ तासांत संपवावे. पुडी नसल्यास एक लीटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ घालून घरगुती द्रावण करता येते. मिठाचे प्रमाण वाढवू नये.

फळांच्या रसाच्या स्वादाची काही गोड पेये पूर्वी ‘ओआरएस’ हे नाव लावून विकली जात होती. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या वेष्टनावर हा शब्द वापरण्यास मनाई केली. तरीही खरेदी करताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहणे इष्ट होय. सामान्य निरोगी व्यक्तीने दिवसभर केवळ ओआरएसच पिण्याची गरज नसते. दुपारच्या तीव्र उन्हानंतर, खूप घाम आल्यास किंवा उलट्या-जुलाब झाल्यास ते घ्यावे. एरवी पाणी, ताक आणि नेहमीचे जेवण पुरेसे असते.

खर्चाचा हिशोब

दोन प्रौढ आणि दोन मुले असे कुटुंब आठ तास उद्यानात राहणार आहे असे मानू. प्रत्येक प्रौढाला सुमारे तीन लीटर आणि प्रत्येक मुलाला दीड ते दोन लीटर, म्हणजे एकूण नऊ ते दहा लीटर द्रव पदार्थ लागतील. एक लीटरची बाटली २० रुपयांना धरल्यास दहा बाटल्यांचे २०० रुपये होतात. आत हाच दर दुप्पट आकारला गेल्यास ४०० रुपये होतात. प्रत्येक तहानेला ५० रुपयांचे शीतपेय घेतले आणि अशा चार वेळा आल्या, तर चौघांचे ८०० रुपये खर्च होतात.

याउलट प्रत्येकाने घरून एक लीटर पाणी भरून आणले आणि उर्वरित पाणी उद्यानातील पिण्याच्या पाण्याच्या नळावरून घेतले, तर खर्च केवळ ओआरएसच्या दोन पुड्यांचा, म्हणजे सुमारे ५० रुपयांचा होतो.

प्रवासात पाणी विकत घ्यावे लागल्यास करातील बदल लक्षात ठेवावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून साध्या बाटलीबंद पाण्यावरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याच दिवसापासून रेल्वेने ‘रेल नीर’च्या एक लीटर बाटलीची किंमत १५ रुपयांवरून १४ रुपये केली. फसफसणाऱ्या शीतपेयांवर मात्र ४० टक्के कर लागू झाला.

नियम आणि ग्राहकांचे हक्क

बाहेरील खाद्यपदार्थ आणण्यास अनेक उद्याने मनाई करतात. पाण्याच्या बाटलीबाबतचे नियम उद्यानागणिक वेगळे असतात. म्हणून तिकीट काढण्यापूर्वीच तीन प्रश्न विचारून घ्यावेत : पाण्याची बाटली आत नेता येते काय, पिण्याचे पाणी मोफत कोठे मिळते आणि तान्ह्या मुलांचे व रुग्णांचे अन्न नेण्यास मुभा आहे काय. काही ठिकाणी काचेच्या बाटलीस मनाई असते, परंतु स्टीलची किंवा प्लास्टिकची बाटली चालते. भरलेली बाटली अडविली गेल्यास रिकामी बाटली नेऊ देण्याची विनंती करावी. बाटली आत गेली की नळाचा उपयोग करता येतो.

या विषयावरील एक महत्त्वाचा निकाल चित्रपटगृहांसंबंधी आहे. ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहाच्या मालकास बाहेरील खाद्यपदार्थ रोखण्याचा अधिकार मान्य केला. त्याच वेळी प्रेक्षकांना स्वच्छ पिण्याचे पाणी मोफत उपलब्ध असावे आणि तान्ह्या मुलांसाठीचे अन्न नेऊ द्यावे, हेही स्पष्ट केले. हा निकाल मनोरंजन उद्यानांविषयी नाही. परंतु मोफत पाण्याची मागणी करणाऱ्या ग्राहकाला तो भक्कम आधार देतो.

छापील किमतीचा प्रश्न वेगळा आहे. वैधमापन शास्त्राच्या २०११ सालच्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार किरकोळ विक्रेत्याला कमाल किरकोळ किमतीपेक्षा, अर्थात एमआरपीपेक्षा, अधिक रक्कम घेता येत नाही. एकाच वस्तूवर ठिकाणानुसार दोन निरनिराळ्या किमती छापण्याच्या प्रकारालाही १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने आळा घातला आहे. मात्र हॉटेल व उपाहारगृहे बसण्याची व्यवस्था आणि सेवा पुरवितात, या कारणास्तव त्यांना छापील किमतीपेक्षा अधिक आकारणी करता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. म्हणून उद्यानातील उपाहारगृहात टेबलाशी बसून मागविलेली बाटली आणि दुकानातून विकत घेऊन निघून गेलेली बाटली यांत फरक करावा लागतो.

जादा आकारणी झाल्यास पावती मागून घ्यावी, बाटलीवरील किमतीचे छायाचित्र काढावे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा संबंधित राज्याच्या वैधमापन विभागाकडे तक्रार करावी. ग्राहक आयोगाकडे पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीस शुल्क नाही. वीस रुपयांसाठी कोण तक्रार करील, या विचाराने गप्प राहणाऱ्यांची संख्या मोठी असल्यानेच अशी आकारणी सुरू राहते.

पूर्वतयारी

पूर्वी मराठी कुटुंबे प्रवासाला निघताना फिरकीचा तांब्या बरोबर घेत असत. उत्तरेकडील प्रवासी जाड कापडाची छागल रेल्वेच्या खिडकीला बांधीत. आज त्यांची जागा बाटलीने घेतली आहे, तत्त्व मात्र तेच आहे.

- प्रत्येकाची बाटली स्वतंत्र असावी. कोण किती प्यायले हे त्यामुळे कळते आणि मुलांनाही स्वतःचे पाणी संपविण्याची सवय लागते.
- आदल्या रात्री प्लास्टिकची एक बाटली अर्धी भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवावी आणि सकाळी वर साधे पाणी भरावे. ओला रुमाल गुंडाळल्यास पाणी अधिक काळ थंड राहते.
- उद्यानाच्या नकाशावर पाण्याच्या जागांवर खूण करावी. रांगेत शिरण्यापूर्वी प्रत्येक वेळी बाटली भरून घ्यावी.
- दुपारी १२ ते ३ या वेळेत छताखालील खेळ, चित्रपट किंवा जेवण यांची योजना करावी.
- आत नेण्यास मुभा असल्यास काकडी, संत्री, मोसंबी बरोबर घ्यावी. मुभा नसल्यास ती प्रवेशापूर्वी आणि परतीच्या प्रवासात खावी.
- फिकट रंगाचे सुती कपडे, टोपी आणि छत्री वापरावी. सावलीत राहिल्याने घाम कमी येतो आणि पाण्याची गरजही कमी होते.

नळाचे पाणी घेण्यापूर्वी तो पिण्याच्या पाण्याचाच असल्याची खात्री करावी. जलक्रीडेच्या कुंडातील पाणी मुलांच्या पोटात जाऊ देऊ नये. बाटलीबंद पाणी घेताना झाकणाचे सील आणि अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक पाहावा.

विशेष काळजी

सहा महिन्यांखालील बाळांना वरचे पाणी देऊ नये. त्यांना अधिक वेळा अंगावर पाजावे. स्तनदा मातांनी स्वतः अधिक पाणी प्यावे. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या विकारामुळे ज्यांच्या पाण्यावर अथवा मिठावर मर्यादा आहे, त्यांनी वरील प्रमाण न पाळता आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लघवी वाढविणारी औषधे घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना आधी विचारावे. मधुमेहींनी सरबतातील साखरेचा विचार करावा आणि उपाशी राहू नये.

लक्षणे आणि प्रथमोपचार

कोरडे तोंड, डोकेदुखी, चक्कर, पायांत पेटके आणि मळमळ ही प्रारंभिक लक्षणे आहेत. अशा व्यक्तीला सावलीत बसवून घोट घोट पाणी किंवा ओआरएस द्यावे आणि त्या दिवशी पुन्हा उन्हात नेऊ नये. लहान मूल अचानक मलूल झाले किंवा रडताना डोळ्यांत पाणी येत नसले, तर विलंब करू नये.

असंबद्ध बोलणे, तोल जाणे, शुद्ध हरपणे आणि शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून अधिक होणे ही उष्माघाताची लक्षणे होत. अशा वेळी उद्यानातील वैद्यकीय कक्षाला कळवावे आणि १०८ किंवा ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा. मदत येईपर्यंत रुग्णाला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर गार पाणी ओतून वारा घालावा. शुद्धीवर नसलेल्या व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

उन्हाळ्यात वाटसरूला पाणी देणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले जाते. महाराष्ट्रातील पाणपोई, उत्तर भारतातील प्याऊ, आंध्र व तेलंगणातील चलिवेंद्रम आणि तामिळनाडूतील तण्णीर पंदल ही त्याच परंपरेची रूपे आहेत. तिकीट काढून आत आलेल्या पाहुण्याला स्वच्छ पाणी विनामूल्य आणि सहज दिसेल अशा जागी मिळावे, ही अपेक्षा म्हणूनच अवाजवी नाही. उद्यानांनी ती पूर्ण करावी. आणि ग्राहकांनी संकोच न करता, प्रवेशद्वारावरच, पाण्याची जागा विचारून घ्यावी.